माझ्या डोळ्यात लेकीचं दूध

माझी लेक माझ्या उशाशी बसून वाटीतल्या दुधात कापसाचा बोळा बुडवत होती. दूध तिचं होतं. सकाळी बाळाला पाजून झाल्यावर तिने ते पडद्याआड जाऊन वाटीत काढलं होतं, आणि आता दोन बोटांनी माझा डावा डोळा उघडून त्यात तो बोळा पिळणार होती.

"हलू नकोस गं आई. लहान पोरासारखी काय करतेस?"

मी हलत नव्हते, थरथरत होते, आणि ते कळू नये म्हणून हसत होते.

कल्पना शेजारच्या आजींची. त्या मालवणकडच्या, आणि आमच्या चाळीतल्या अर्ध्या दुखण्यांवर त्यांचा हक्क. माझा लाल डोळा बघून गॅलरीतूनच म्हणाल्या होत्या, "बाळंतिणीचा दूध घाल गो डोळ्यात. दोन दिसांत डोळो साफ होतलो." परळच्या चाळींत डोळे आले की हे करायचेच. लहानपणी माझ्याही डोळ्यात कुणाकुणाच्या आयांचं दूध पडलेलं आहे. आता तर घरातच ओली बाळंतीण होती, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. नाही म्हणायला मला कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगता येत नव्हतं. मला एचआयव्ही आहे. ही लेक पोटात होती तेव्हापासून आहे, आणि तिला ते माहीत नव्हतं.

थेंब पडला. कोमट होता.

"बघ, उलटं झालं की नाही?" ती हसत म्हणाली. "तुला दूध आलं नाही मला पाजायला. आता मीच तुला पाजते."

मीही हसले. त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नवरा गेल्यावर खोटं रडतानाही वाटली नव्हती. (खोटं म्हणजे, रडू खरं होतं, पण लोकांना सांगितलेलं कारण अर्धं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.) लेकीने डोळा कापसाने हलकेच पुसला, वाटी मोरीत नेऊन विसळली आणि बाळ रडायला लागलं म्हणून आत गेली. मी चटईवर पडून राहिले. डोळ्यातलं दूध कानापर्यंत ओघळलं होतं, ते मी पुसलं नाही.

*

गरोदर असताना माझं रक्त तपासलं, मग पुन्हा तपासलं, आणि इस्पितळातल्या एका बाईंनी मला बाकड्यावरून उठवून आतल्या खोलीत नेलं. बाई चांगल्या होत्या. त्यांनी नीट समजावलं. बाळंतपणाच्या वेळी गोळी देऊ, बाळाला जन्मल्या जन्मल्या औषध देऊ, बहुधा बाळ वाचेल. पण अंगावर पाजायचं नाही, एकदासुद्धा नाही. दुधातून जातो. मी मान डोलवली. घरी काय सांगायचं ते मात्र कुणी शिकवलं नाही, आणि मी विचारलं नाही.

घरी सांगितलं, दूध आलंच नाही.

सासूबाईंना ते पटेना. त्यांच्या कोकणातल्या खानदानात कुठल्याही बाईला दूध कमी पडलेलं नव्हतं. त्यांनी मला अळिवाची खीर खायला घातली, शतावरी घातली, खसखस घातली, डिंकाचे लाडू घातले. दूध वाढवणारं जे जे म्हणून आहे ते सगळं त्या प्रेमाने करून माझ्यापुढे ठेवायच्या आणि मी मुकाट्याने गिळायची. शेवटी त्या हरल्या. नंतर माझी लेक आजारी पडली, हट्टाला पेटली, नापास झाली, काहीही झालं की त्यांचं एकच असायचं, "आईचं दूध कुठं लागलंय कार्टीच्या अंगाला!" सगळे हसायचे. लेकही हसायची. मी शिवणयंत्राचं पायडल जोरात मारायची.

नवरा काही वर्षांनी गेला. लोकांना सांगितलं टीबी. टीबी होताच, त्यात खोटं काही नव्हतं. नुसता टीबी नव्हता एवढंच. त्याला हा आजार कुठून आला ते मी एकदाच विचारलं. तो भिंतीकडे वळला. पुन्हा विचारेपर्यंत तो सांगण्याच्या स्थितीत राहिला नव्हता. शेवटच्या दिवसांत त्याच्या एका डोळ्याची नजर गेली आणि दुसऱ्याची अंधुक झाली. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या या आजारात खराब होतात, मग तिथे दुसरा जंतू शिरतो. लेक तेव्हा लहान होती. तो तिला जवळ ओढून दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपायचा, आणि तिला वाटायचं बाबा खेळतायत. ती खिदळायची.

म्हणजे डोळ्याचं मला ठाऊक होतं. कुणी असं म्हणू नये की हिला बिचारीला काय कळणार.

लेकीची शेवटची तपासणी ती चालायला लागल्यावर झाली. तिला काही नव्हतं. इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून मी तिला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली आणि तिच्या दाढा यायच्यात हे विसरून गेले. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. तोही कुणाला सांगता आला नाही.

पुढे मला गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या फुकट मिळतात, परळमध्येच मिळतात, घरापासून चालत. पण तिथे वॉर्डात आमच्या चाळीतली माणसं कामाला, रांगेत ओळखीचे चेहरे. मी लांब उपनगरातल्या केंद्रात नाव घातलं. दर महिन्याला जायचं तर घरी कारण काय? मी ब्लाउज शिवते, दादर-प्रभादेवीच्या गिऱ्हाइकांचे. म्हणून कारण ठरलं अस्तर. "तिकडे अस्तराचं कापड स्वस्त मिळतं." जाताना गोळ्या आणायच्या आणि येताना पुरावा म्हणून अस्तर. वर्षानुवर्षं. आमच्या पोटमाळ्यावर एवढं अस्तर साठलं की सगळ्या परळ-लालबागच्या बायकांचे ब्लाउज आतून शिवून होतील. लेक कॉलेजात असताना चिडवायची, "आई, दादरला अस्तर बंद झालंय का गं? की तिकडे कोणी आहे तुझा?" मी म्हणायची, "हो, आहे. मला शोभून दिसतो." गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत असायच्या. बाळ होणार म्हटल्यावर मी त्याच अस्तराची झबली शिवली, टोपडी शिवली, दुपटी शिवली. मऊ सुती कापड, बाळाच्या अंगाला उत्तम. माझ्या थापांचा असा उपयोग झाला, आणि नातवंडाच्या अंगावर ती झबली बघताना मला दर वेळी चोरट्यासारखं व्हायचं.

रविवारी विहारात आम्ही पंचशील म्हणतो. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी तिसऱ्यापर्यंत मोठ्याने म्हणते, चौथ्याला पदर सारखा करते, आणि पाचव्याला परत सुरू होते. दारू मी पीत नाही, त्यामुळे पाचवं चांगलं खणखणीत येतं.

*

पण या सगळ्यापेक्षा मला जे खातं ते अगदी अलीकडचं आहे.

बाळ झालं आणि पहिले काही दिवस लेकीला दूध सुटेना. होतं असं पुष्कळ जणींचं. बाळ ओढून ओढून दमायचं, ताठ होऊन रडायचं, आणि ही बाळाला छातीशी धरून त्याच्याबरोबर रडायची. "माझ्यात पण नाहीये, आई. तुझ्यात नव्हतं ना, तेच आलंय माझ्यात." नर्सने समजावलं, येईल, धीर धरा. पण लेक नर्सकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. तिला नर्सपेक्षा माझा अनुभव मोठा वाटत होता. आणि मी काय केलं? अळिवाची खीर केली. तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होईल गं बाय," म्हणाले. 'हे आईकडून येत नाही, तुझी आई खोटं बोलली' हे एवढं वाक्य बोलले असते तर तिचा जीव थाऱ्यावर आला असता. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. आणि मग एका दुपारी तिचं दूध सुटलं, गाऊन भिजला, आणि ती हसत-रडत ओरडली, "आई, माझं आलं! तुझ्यासारखं नाही झालं!"

मी पुढच्या बाजूला शिवणीत लपणाऱ्या दोन चोरचेनी असलेले गाऊन शिवून ठेवले होते तिच्यासाठी, पाजायला सोपे जावेत म्हणून. त्यातला कोरडा काढून दिला.

डोळा त्याआधीपासूनच लाल होता. नाकाकडच्या बाजूला, काळ्या बुबुळाच्या कडेला, एक गुलाबी-पांढरट उंचवटा आला होता. साईसारखा. सुरुवातीला वाटलं मशीनवर डोळे ताणले म्हणून. मग बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, आणि त्या सगळ्या त्याच एका जागेकडे निघालेल्या. आरशाजवळ जाऊन मी रोज बघायची आणि रोज स्वतःला सांगायची, उष्णता झाली. उपनगरातल्या त्या केंद्रात समुपदेशक मुलगी दर खेपेला विचारते, ताप, खोकला, वजन, डोळ्यांचं काही? मी म्हणायची, काही नाही. माझं रक्त चांगलं आहे, गोळ्या एकदाही चुकवलेल्या नाहीत, त्याचा मला शाळकरी पोरीसारखा अभिमान. पण ती मुलगीच एकदा म्हणाली होती, गोळ्या नीट घेतल्या तरी काही गाठी आपल्या पेशंटांत जास्त होतात, म्हणून लपवू नका.

मी लपवलं. लेकीचं बाळंतपण पार पडू दे, असं मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर मला एकाच गोष्टीची भीती होती. डोळ्याची नव्हती. लेकीला कळलं की ती बाळ माझ्या मांडीवर द्यायची थांबेल, ही. हात लावण्याने, मांडीवर घेण्याने, मुका घेण्याने काही होत नाही हे मला पाठ आहे, आणि तरीसुद्धा मी बाळाला घेताना आधी हात धुवायची, आणि माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगायची. मीच स्वतःवर विश्वास ठेवत नव्हते, तर तिने का ठेवावा?

*

दुधाने काही झालं नाही, हे सांगायला नकोच. लेकीने बरेच दिवस नेटाने घातलं. मग एके सकाळी माझा डोळा उजेडाकडे धरून ती म्हणाली, "हे डोळे आलेले नाहीत. चल."

मी परळचं कुठलंही इस्पितळ नको म्हटलं. गिरगावात फणसवाडीजवळ एक जुना दवाखाना मला माहीत होता, लाकडी जिना चढून वर. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई तिथे बसायच्या. टॅक्सी केली. बाळाला दुपट्यात गुंडाळून लेकही आली, कारण त्याला सारखं पाजावं लागायचं.

डॉक्टरीणबाई वयस्कर, शांत, सावकाश, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या. त्यांनी हनुवटी यंत्रावर ठेवायला सांगितली आणि दिव्याचा झोत बराच वेळ डाव्या डोळ्यावर फिरवला.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"झाले थोडे," मी म्हणाले.

"थोडे नाही हो, बाळ व्हायच्या आधीपासून आहे," लेक म्हणाली. "आम्ही घरगुती केलं. दूध घातलं."

"डोळ्यात औषधाशिवाय काही घालू नये." त्या चिडल्या नव्हत्या. त्यांनी मागचा पडदाही बघितला. तिथल्या रक्तवाहिन्या ठीक होत्या, हे ऐकून मी जरा श्वास सोडला. मग त्या खुर्ची वळवून माझ्यासमोर बसल्या. "डोळ्यावर साधं मांस वाढतं ना, ते असं दिसत नाही. इथे सगळ्या शिरा फुगून एका जागी चालल्यात, म्हणजे ती गाठ रक्त ओढून घेतेय. ही काढून तपासायला पाठवावी लागेल."

"कॅन्सर?" लेकीने विचारलं. मला विचारायचा धीर नव्हता.

"असू शकतो. वरच्या पापुद्र्यातला असेल तर डोळा वाचेल, नजरही वाचेल. पण आता उशीर नको." मग त्यांनी सहज आवाजात सांगितलं, "आणि रक्ताची एक तपासणी करून घ्या. एचआयव्हीची. या प्रकारची गाठ दिसली की आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

लेक उठून उभी राहिली. बाळ दचकलं.

"काय बोलताय डॉक्टर? माझी आई काय अशी-तशी बाई वाटली तुम्हाला? माझे बाबा गेल्यापासून तिने कुणाकडे मान वर करून बघितलं नाहीये. एकटीने वाढवलंय मला मशीन मारून. दिसते गरीब म्हणून काहीपण टेस्ट लिहायची काय?"

"बाई कशी आहे याचा या आजाराशी संबंध नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लेकीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. माझ्या तोंडावर सगळं आलं असणार. त्या थांबल्या, मला बोलायला जागा दिली.

मी म्हणाले, "करते."

एवढंच. लेक माझ्यासाठी भांडत होती, तिचा आवाज जिन्यापर्यंत जात होता, बाहेर बसलेले लोक आत डोकावत होते, आणि मी पदराने डोळा झाकून 'करते' म्हणाले.

टॅक्सीत ती सबंध वाटभर धुमसत होती. "लुटायला बसलेत साले. आपण दादरला जाऊ, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू." मी खिडकीतून बाहेर बघत पुढची थाप शिवत होते. तपासणी करायची. रिपोर्ट आला की पहिल्यांदाच कळल्यासारखं करायचं. कसं बसायचं, कसं रडायचं, हेसुद्धा मी लालबागच्या पुलाखाली ठरवून टाकलं. माझं मलाच नवल वाटलं की हे मला इतकं सफाईने जमतंय.

*

घरी आलो. दुपारची वेळ. लेक भिंतीला टेकून बाळाला पाजायला बसली आणि मी उगाचच मशीनपाशी. तिचा राग उतरला होता. आता ती मला धीर द्यायला लागली.

"जाऊ दे, आई. टेस्ट काय, करून टाकू. त्यात लाजायचं काय? माझी पण केली होती की, नाव घातलं तेव्हा. गरोदर बायांची सगळ्यांचीच करतात. मी पण परत करते तुझ्याबरोबर, मग तर झालं?" बाळाचं डोकं सरळ करत ती अगदी सहज पुढे म्हणाली, "थांब. मग तुझी पण केली असेल ना, मी पोटात असताना? सांग की त्यांना तसं. तेव्हाच केली होती, काही नव्हतं म्हणावं. विषय संपला."

माझे पाय पायडलवर होते. मशीनला दोरा लावलेला नव्हता. टॅक्सीत ठरवलेलं सगळं माझ्याजवळ तयार होतं, आणि या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं.

"केली होती," मी म्हणाले. "आणि होतं."

"काय होतं?"

"तेच. मला. तुझ्या बाबांनाही."

तिने आधी बाळाकडे बघितलं. ते मला लागलं, पण कुठलीही आई तिथेच बघेल. मग मी भराभर बोलत सुटले. तुला नाही, तुझ्या सगळ्या तपासण्या झाल्यात, बाळाला काही धोका नाही, हात लावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, गोळ्या आहेत, रक्तात आता सापडतही नाही. केंद्रातल्या मुलीसारखी घोकून घोकून बोलत होते. लेक काहीच ऐकत नव्हती.

"बाबांना टीबी होता ना?"

"टीबी पण होता."

"आणि डोळे? म्हणून चाचपायचे मला?"

"हो."

"अस्तर?"

"हो."

ती बाळाला घेऊन भिंतीकडे वळली. तिचा बापही असाच वळला होता. मला वाटलं, संपलं आता. मी तिथेच बसून राहिले. चहा करावा का, हेसुद्धा ठरवता येईना.

संध्याकाळी ती नवऱ्याशी फोनवर नेहमीसारखं बोलली. ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला सांगणार नाही मी. ते तुझं आहे, मी सांगायचं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या आंघोळीची वेळ झाली. रोज मीच घालायची, मोरीत पाय पसरून, बाळाला पायांवर पालथं घालून. मी मुद्दाम गॅलरीत जाऊन उभी राहिले, म्हणजे तिला नाही म्हणायची पाळी येऊ नये. मागून ती आली आणि म्हणाली, "पाणी तापलंय." बाळ माझ्या हातात दिलं आणि आत गेली. बघत उभी राहिली नाही.

मी मोरीत बसून बाळाला तेल लावलं आणि हुंदके दाबून रडले. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडायला मला येतं, चाळीत माझ्या तोंडाला लागत नाही कुणी. पण ती काहीच बोलेना. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, एवढंच.

*

दादरच्या एका डोळ्यांच्या इस्पितळात ती गाठ काढली. फॉर्मवर, डॉक्टरांना, नर्सला, सगळ्यांना मी स्वतःच्या तोंडाने आजार सांगितला. लेक शेजारी उभी होती. रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, पण वरच्या पापुद्र्यातच होता, खोल गेलेला नव्हता. आणखी उशीर केला असता तर डोळा काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे काही महिने थेंब घालायचे आणि तपासायला येत राहायचं.

थेंब लेकच घालायची. तसंच उशाशी बसून, तशीच दोन बोटांनी डोळा उघडून. फक्त आता हसत नसे. मी वर तिच्या चेहऱ्याकडे बघत पडायची. सुजेमुळे अर्धवटच दिसायचा.

एक दिवस बाटली हातात धरून ती थांबली. बाळ झोपलं होतं.

"आई, खरंच आलं नव्हतं तुला?"

मला कळलं ती काय विचारतेय. इतक्या वर्षांत कुणीही मला हे विचारलं नव्हतं. सगळे मी सांगितलं ते धरून चालले होते.

"आलं होतं," मी म्हणाले.

तिने बाटली मांडीवर ठेवली.

"खूप आलं होतं. तुझी आजी खीर खायला घालायची, मग आणखीनच यायचं. ब्लाउजच्या अस्तराच्या पट्ट्या फाडून छाती आवळून बांधायची मी. तू बाटली तोंडात घेऊन रडलीस की इकडे आपोआप सुटायचं, पट्ट्या भिजायच्या. मग मोरीत जाऊन बसायची, पिळून टाकायची आणि वरून तांब्याभर पाणी ओतायची, कुणाला वास यायला नको म्हणून."

"ह्याच मोरीत?"

"ह्याच."

तिने मोरीकडे बघितलं. बादली, तांब्या, बाळाचं वाळत घातलेलं झबलं.

"आजी म्हणायची ना, आईचं दूध नाही लागलं हिच्या अंगाला," ती म्हणाली. "सगळे हसायचे तेव्हा मी पण हसायचे. पण मला नेहमी वाटायचं, मी तुला नको होते. म्हणून आलं नसेल."

मी उठायला गेले. तिने माझ्या कपाळावर हात ठेवून मला पुन्हा उशीवर टेकवलं, डोळा उघडला, थेंब सोडला. पहिला थेंब गालावर पडला आणि दुसरा डोळ्यात.

"मीट डोळा," ती म्हणाली. "रडू नकोस आता, औषध वाहून जाईल."